श्रावणभाऊंची मान

एप्रिल महिन्यात एटापल्लीकडे गळ्यात मफलर गुंडाळून फिरणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर काहीतरी लपवत असतो. श्रावणभाऊ उंदीरवाडे वेडे नव्हते. हे मी खात्रीनं सांगतो, कारण आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी त्यांच्यासोबत बरीच वर्षं काढली आहेत. मी तिथला फार्मासिस्ट. लोक मला कंपौंडर म्हणतात आणि मी दर वेळी चिडतो, पण ते असो. ही गोष्ट २००३ सालची आहे.

श्रावणभाऊ म्हणजे आमच्या भागातले 'रक्तवाले भाऊ'. कागदावर ते आरोग्य कर्मचारी होते. प्रत्यक्षात सूरजागडच्या डोंगरापर्यंतच्या वस्त्यांमध्ये सायकल घालायची, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि मलेरियाची गोळी द्यायची, हे त्यांचं काम. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की सायकल खांद्यावर. तक्रार नाही. मात्र या माणसाला बोलायची भारी खोड. त्यातही एक विषय निघाला की कढईतल्या लाह्यांसारखे फुटायचे. तो विषय म्हणजे डागणं.

आमच्याकडे पोट फुगलं, लेकराला दम लागला, हातपाय वाकडे झाले की विळ्याचं टोक विस्तवात लाल करून अंगाला लावायची पद्धत होती. अजूनही कुठे कुठे असेल. श्रावणभाऊंना त्याची मनापासून चीड. त्यांचा बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत राबून गेला, आणि मरताना पोरांना एवढंच सांगून गेला की शिका आणि कुणाच्या अंगारेधुपाऱ्याला भुलू नका. श्रावणभाऊंनी ते असं धरून ठेवलं की घरात गिरजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नुसती लेकरावरून मीठ-मिरची ओवाळली तरी दोन दिवस अबोला. चौदा एप्रिलच्या जयंतीला दर वर्षी त्यांचं भाषण असायचं आणि भाषणात डागण्यावर अर्धा तास ठरलेला. पोरं मागे बसून आधीच पुढचं वाक्य म्हणायची. पण ऐकायची सगळी. त्या माणसाला मान होता.

मार्चमध्ये ते डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवर गेले होते. नाव लिहीत नाही, वस्तीचा काही दोष नाही. तिथे एका बाईचं बोट धरून टोचायला गेले आणि हातातली सुई पडली. उजवा हात आपला नव्हेच, असा लोंबायला लागला. तोंडातून शब्द निघेना. अर्ध्या तासानं हात परत आला, जीभ परत आली. दुसऱ्या दिवशी सायकल हाकत केंद्रात आले, तेव्हा गळ्यात मफलर होता. "घसा बसला," म्हणाले.

आमच्या डॉक्टर नूतन मॅडम वयानं लहान होत्या, पण डोकं जागेवर. त्यांनी मफलरकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. बीपी घेतलं, ते आभाळाला टेकलेलं. त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या आणि स्पष्ट सांगितलं, "श्रावणभाऊ, हा झटका जाऊन आला. पुढचा आला तर कायमचा मुक्कामही ठोकू शकतो. मानेतून मेंदूकडं रक्त नेणाऱ्या ज्या नसा आहेत ना, त्या तपासून घ्या. डावीकडची नस आतून अरुंद झाली असेल तर आत्ताच कळायला पाहिजे. चंद्रपूरला सोय झाली आहे. याच आठवड्यात जा."

ते हो हो म्हणाले. गेले नाहीत.

आधी धाकट्या पोरीची परीक्षा निघाली. मग साळ्याच्या घरचं लग्न. मग साहेबांचा दौरा, जो शेवटपर्यंत आलाच नाही. मला वाटलं, तपासणीला घाबरतात. म्हणून एक दिवस मी त्यांना औषधाच्या खिडकीशी बसवलं आणि मॅडमकडून विचारून घेतलेलं सगळं सांगितलं.

"उपाशी राहायचं नाही. सुई नाही, इंजेक्शन नाही, भूल नाही. पाठीवर झोपायचं, मान जरा मागं आणि एका बाजूला वळवायची. डॉक्टर मानेला थंडगार चिकट मलम लावतो आणि साबणाच्या वडीएवढं एक यंत्र त्यावरून फिरवतो. टीव्हीसारख्या पडद्यावर नस दिसते. रक्त धावताना आवाजही ऐकू येतो. अर्धा तास. मग पुसून घरी. दुखत नाही."

"मान उघडी लागते का?" त्यांनी विचारलं.

"मान तपासायची तर मानच उघडी लागणार ना. पायमोजे काढून काय होईल?"

ते हसले नाहीत. खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी काढली, बोटांनी घोटली, तोंडात टाकली आणि उठून गेले. मॅडमनी खर्राही बंद करायला सांगितला होता. मला राग आला. ज्या माणसानं आख्ख्या तालुक्याला "भिऊ नका, दवाखान्यात या" असं सांगितलं, तो स्वतः पोराटोरांसारखी कारणं सांगत होता.

जयंती आली. मंडपात सगळे वाट पाहत होते. श्रावणभाऊ कडेच्या खुर्चीत मफलर गुंडाळून, घामानं भिजून बसलेले. माइक त्यांच्याकडे नेला तर हातानंच नको म्हणाले आणि घशाकडे बोट दाखवलं. मागच्या पोरांनी त्यांचं पहिलं वाक्य म्हटलंसुद्धा, मग तीही गप्प झाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. न सांगता गेलो, ही माझी चूक म्हणा. ते अंगणात दोरीच्या बाजेवर उघडे बसले होते आणि गिरजाबाई त्यांच्या मानेला खोबरेल तेल लावत होत्या. डाव्या कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत डाग होते. एकाखाली एक, खपली धरलेले, एक अजून ओला. मी आमच्या केंद्रात असले डाग इतके पाहिले आहेत की विचारायची गरज नव्हती.

त्यांनी हात मानेवर ठेवला. गिरजाबाई तेलाची वाटी घेऊन आत गेल्या.

"वस्तीवरच्या लोकानं केलं," श्रावणभाऊ खाली बघत म्हणाले. "मी शुद्धीत नव्हतो, जाहिदभाऊ. मले काई समजलं नाई. उठून पाह्यतो तं हे."

"मग यात तुमचा काय दोष?"

"दोष नाई. पण लोकं हासतीन ना बाप्पा. डागावर भाषण देणारा माणूस आन् मानीवर डाग. मी म्हटलं, बरं होऊ दे, मंग जातो तपासाले. हे बरंच होऊन नाई राह्यलं."

मी जोरात बोललो. म्हटलं, लोकांचं हसणं मोठं की तुमचा हात मोठा? पुढचा झटका डाग वाळायची वाट पाहणार आहे का? दारामागून गिरजाबाई म्हणाल्या, "मी रोज सांगतो यायले. तुमीच घेऊन जा भाऊ, माया ऐकत नाई." खपल्या पडल्या की जायचं, असं त्यांनी कबूल केलं. मी म्हटलं, कबुली नको, मी सोबत येतो.

एप्रिल सरता सरता आम्ही पहाटेची एसटी धरली. आलापल्ली, बल्लारपूर, चंद्रपूर. त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा घातला होता आणि वर मफलर होताच. बस सुरू झाली तरी ते खिडकीची काच उघडू देईनात. मी उकडून निघालो, पण त्या दिवशी वाद घातला नाही.

तपासणी केंद्रात पोटुशा बायांची रांग. भिंतीवर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' अशी पाटी. तिच्याखाली दोन मिश्यावाले पुरुष, म्हणजे आम्ही. एका म्हातारीनं श्रावणभाऊंना विचारलं, "सुनेले आणलं का?" ते "हाव" म्हणाले. एरवी त्यांनी तिला सोनोग्राफीवर चांगलं व्याख्यान दिलं असतं.

नाव पुकारलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला, म्हणून मीही आत गेलो. लहान, थंड, अंधारी खोली. मदतनीस पोरगी म्हणाली, "मफलर काढा. वरची बटणं उघडा. गळ्यात माळ, साखळी काही असेल तर तीही काढा." बटणं काढताना त्यांची बोटं अडखळत होती. मी क्षणभर घाबरलो, हात पुन्हा गेला की काय. हात ठीक होता. ती शरम होती.

पोरीनं खांद्याखाली उशी सरकवली, मान उजवीकडे वळवली आणि थांबली. "सर," ती पडद्याच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाली, "पेशंटच्या मानेवर चटके दिलेले आहेत." दाराला नुसता पडदा होता. बाहेर बायांची कुजबुज थांबली.

डॉक्टर आले, वाकून पाहिलं. "जखमा बंद आहेत, चालेल. कोणी डागलं?"

श्रावणभाऊ भिंतीकडे तोंड करून होते. "गावच्या लोकानं," ते म्हणाले. "मी शुद्धीत नव्हतो."

"आणि तुम्ही काय करता?"

"आरोग्य खात्यात हावो."

डॉक्टरांनी जीभ टाळ्याला लावून चक् असा आवाज केला. शिकायला आलेला एक पोरसवदा डॉक्टर बाजूच्या खोलीत होता, त्याला हाक मारली. "हे बघून ठेव. जंगलातले लोक काय करतात बघ. आरोग्य खात्याच्या माणसालाही सोडत नाहीत. तुमच्यासारख्यांनी त्यांना शिकवायला पाहिजे हो." तो पोरगा जवळ येऊन, वाकून, एकेक डाग पाहत होता. श्रावणभाऊ म्हणाले, "हाव साहेब."

मग मलम आलं. डॉक्टरांनी ते यंत्र गळ्याच्या हाडापाशी टेकवलं आणि हळूहळू वर जबड्याकडे नेत राहिले. फार दाबलं नाही. मधे एकदा "थोडं दाबतो, गिळू नका" म्हणाले, तेवढंच. पडद्यावर राखाडी पट्ट्यांमध्ये लाल-निळा प्रवाह उजळला. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला, हूश्श, हूश्श, धानाला वारा देताना सुपाचा येतो तसा. वरच्या वळणाशी तो आवाज बदलला, बारीक आणि घाईचा झाला. डॉक्टर तिथे बराच वेळ थांबले, मापं घेतली, मग उजवी बाजू पाहिली. त्या सगळ्या वेळात श्रावणभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. पोरीनं विचारलं, "दुखतंय का काका?" ते नाही म्हणाले. खरंच दुखत नव्हतं.

डाव्या नसेच्या आत चरबीचा थर धरला होता. वाट निम्म्याच्या आसपास उरलेली. आज कापाकापी नको, डॉक्टर म्हणाले, पण गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत, तंबाखू आजपासून बंद, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. आणि एवढा उशीर कशाला केला? पोरीनं मान पुसायला कापड दिलं. श्रावणभाऊंनी ते घेतलं आणि पुसत बसले, मलम निघून गेल्यावरही पुसत बसले. बाहेर आलो तेव्हा रांगेतली म्हातारी त्यांच्याकडे नाही, त्यांच्या मानेकडे बघत होती.

परतीच्या बसमध्ये मी खुशीत होतो. वाट बंद नाही, उपाय आहे, आणखी काय पाहिजे? मी वस्तीवरच्या लोकांबद्दल काहीबाही बोलत होतो. म्हटलं, साहेबांना सांगून तिथे एक शिबिर लावू, त्या डागणाऱ्याला चांगला समज देऊ.

"त्यायले काई म्हणू नोको," श्रावणभाऊ म्हणाले.

"काऊन?"

"मीच मांगतला डाग."

बसच्या आवाजात मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ते समोरच्या सीटच्या लोखंडी दांडीकडे बघून बोलत होते. तो अर्धा तास ते पोचूच्या पडवीत पडून होते. पोचू म्हणजे वस्तीवरचा म्हातारा डागणारा; श्रावणभाऊंनी त्याला वर्षानुवर्षं झापलेलं. हात परत आला, शब्द परत आला, पण भीती गेली नाही. एवढ्या माहितीचा, एवढ्या भाषणांचा माणूस, त्याला त्या घडीला एकच दिसत होतं, की आपली जीभ पुन्हा जाईल. आणि लहानपणी चुलत्याचं तोंड वाकडं झालं होतं, तेव्हा मानेला डागलं होतं, हे आठवत होतं.

"पोचू नाई म्हणे. तूच तं मना केलं, म्हणे. आता तुले देलो तं उद्या पोलीस आणशील. मी त्याचे पाय धरले, जाहिदभाऊ. विस्तव मी फुंकला."

मी म्हटलं, घाबरलेला माणूस काहीही करतो.

"हे मले चालते," ते म्हणाले. "भेव वाटलं, चालते. पण आज त्या टेबलावर पडून मी त्यायच्यावर ढकललं. डॉक्टर जंगलातले लोकं म्हणे, मी हाव म्हटलं. आन् तो पोरगा वाकून पाहे ना, तवा मले जुरीची पोरगी दिसली."

जुरीची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, कारण ती श्रावणभाऊंच्या कर्तबगारीची गोष्ट म्हणूनच सांगितली जाते. १९९४ साली जुरी नावाची एक माडिया बाई दमानं कासावीस झालेली तान्ही पोरगी घेऊन आठवडी बाजारात आली होती. पोरीच्या पोटावर डाग होते. बाजारात आमचं शिबिर चालू होतं. श्रावणभाऊंनी पोरीला तपासलं, डॉक्टरांकडून इंजेक्शन देववलं, पोरगी वाचली. पण तपासणं आणि इंजेक्शन या दोन्हींच्या मधे त्यांनी पोरीला उचलून टेबलावर ठेवलं, झबलं वर केलं आणि माइकवरून सगळ्या बाजाराला म्हणाले, बघा, ही आई. लोक गोळा झाले, वाकून वाकून पाहिलं. जुरी टेबलाच्या पायाशी बसून होती. त्यानंतर ती आमच्या बाजारात कधी आली नाही. मीठ आणायला ती दूरच्या बाजारात चालत जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

"पोरगी वाचली ना पण," मी म्हटलं.

"इंजेक्शननं वाचली. माइकनं नाई," श्रावणभाऊ म्हणाले.

मे महिना लागला, तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला. जंगलातून पानं तोडून आणायची, त्यांचे पुडे बांधायचे आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, फळीवर, नेऊन मांडायचे. सगळी घरं त्यातच असतात. एका दुपारी श्रावणभाऊ माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, जुरीकडे जायचं आहे, तू चल. एकट्यानं जायला पाय उचलत नव्हते. मी माझ्या गाडीवर मागे बसवून नेलं. मफलर नव्हता, पण सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावलेली.

जुरी घरासमोर मांडवाच्या सावलीत पुडे बांधत बसली होती. पोरगी आता दहा वर्षांची असेल, ती आम्हाला बघून आत पळाली. जुरीनं ओळखलं. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. श्रावणभाऊ तिच्यासमोर मातीतच बसले. ज्या माणसाला बोलायची खोड, त्याला सुरुवात सापडेना.

शेवटी त्यांनी बटणं काढली आणि मान वळवली.

"मी बी डाग घेतला, बाई," ते म्हणाले. "कोणी देला नाई. मीच मांगतला. पोचूचे पाय धरून."

जुरीचे हात थांबले. ती जरा पुढे झुकली, पण वाकून पाहिलं नाही, जागेवरूनच पाहिलं. "बहुत दुखलं का?"

"हाव."

"मायी पोरगी बी बहुत रडली होती," ती म्हणाली. "मी बी रडली."

मी उगाच श्रावणभाऊंच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तेवढ्यात पायवाटेवरून पानांचे भारे घेतलेल्या बाया येताना दिसल्या, बोलत, हसत. जुरीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं हात लांब केला आणि श्रावणभाऊंच्या सदऱ्याची कॉलर ओढून मानेवर घेतली.

"झाक," ती म्हणाली. "लोकं येऊन राह्यले. मी कोणाले सांगत नाई."

"मी तं सांगितलं होतं, बाई," श्रावणभाऊ म्हणाले. "साऱ्या बाजाराले."

"म्हणूनच नाई सांगत," जुरी म्हणाली, आणि पुड्यावर पुढचं पान ठेवलं.